न बनलेल्या बंदुकीची तक्रार

कस्तुरा वाघमारेच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, पण त्यावर ती फक्त गॅसचं सिलिंडर कधी लावलं तेवढंच लिहिते. बाकीच्या तारखा तिच्या डोक्यात वेगळ्याच रीतीने बसलेल्या आहेत. मुलगा बुद्धरत्न पहिलीत गेला तो अकराशे चाळीसला. नवऱ्याचं, कोंडीरामचं, हर्नियाचं ऑपरेशन सत्तावीसशेला झालं. मुलीचं, दिव्याचं, लग्न एक्कावन्नशे सहाला, आणि त्या लग्नात जावेने केलेला अपमान एक्कावन्नशे सातला, कारण तो दुसऱ्या दिवशी कामावर गेल्यावर नीट लक्षात आला. लॉकडाऊन तर तिला आकड्यानेच आठवतं. त्या दिवशी तिने ४ मारला, ३ मारला, आणि तेवढ्यात सुपरवायझर सांगत आला की हातातलं टाका आणि घरी जा. पुढचे दोन आठ तिने अडीच महिन्यांनी मारले. ती ४३८८ आज कुणाच्या खांद्याला असेल त्याने नीट पाहिलं, तर पहिले दोन आकडे खोल दिसतील आणि पुढचे दोन जरा फिके. अडीच महिने घरात बसून मनगट सैल पडलं होतं.

हे आकडे बंदुकांचे. भोसरीच्या एमआयडीसीत, एका गिअरवाल्याच्या आणि एका पावडर कोटिंगवाल्याच्या मधे, अर्जुनरावांचा एअर रायफलचा छोटा कारखाना आहे. छऱ्याच्या बंदुका. शाळांमधले नेमबाजीचे वर्ग, लहानमोठे क्लब, जिल्ह्याच्या स्पर्धा, अशा ठिकाणी जाणाऱ्या. आत एक जाड स्प्रिंग असते, नळी मोडून ती दाबायची, घोडा ओढला की ती सुटते आणि हवेच्या जोरावर छरा निघतो. अलीकडे महिन्याला चाळीसेक बंदुका तयार होत. त्या जोडायचं काम लांब लोखंडी टेबलावर चार बायका करत. त्या टेबलाला सगळे ‘बेंच’ म्हणत, आणि त्या चौघींनाही बेंचच म्हणत. बेंच जेवायला गेलं, बेंचला विचारा, असं.

बेंचवर कस्तुरा सगळ्यात जुनी. लातूरकडून लग्न होऊन भोसरीत आली, पाच-सहा वर्षं लोकांच्या घरची धुणीभांडी केली आणि मग अर्जुनरावांनी ठेवून घेतलं. तेव्हा बंदूक नंबर होता दोनशे बारा. जोडून झालेली, तपासून झालेली बंदूक शेवटी तिच्याकडे येई. पोलादी नंबर पंच, दहा आकड्यांचे दहा, लाकडी ठोकळ्यात ओळीने उभे. एकेक उचलायचा, नळीच्या बुडाशी टेकवायचा आणि हातोडीचा एक घाव. दुसरा घाव घातला की आकडा दुहेरी दिसतो, मग ती बंदूक आयुष्यभर तोतरी. नंबर मारून झाला की ती एका लांब वहीत नंबर आणि तारीख लिही, आणि त्या दिवशी काही नवं, वेगळं घडलं असेल तर पुढे दोन शब्द. वही कुणी मागितली नव्हती. अर्जुनरावांनी एकदा पाहिली आणि म्हणाले, चालू द्या. तेवढ्यावर ती चोवीस वर्षं चालू होती.

अर्जुनराव थकले, आता शनिवारीच येतात. कारभार मुलगा निरंजन बघतो. मुलगा वाईट नाही. बेंचला दिवाळीला डबा देताना प्रत्येकीच्या हातात स्वतः देतो. पण त्याला सगळ्या गोष्टी कॉम्प्युटरवर रंगीत दिसल्या म्हणजेच कळतात.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्याने चौघींना केबिनमध्ये बोलावलं. स्पर्धांचा मोसम होता आणि महिनाभरात बारा शाळांचे फोन आले होते. रायफलचा जोर गेला. छरा दहा मीटरवर पोचेपर्यंत खाली पडतो, पोरांचे गुण जातात. निरंजनने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बारा नंबर. पाच निळे, सात लाल.

निळे सगळे एकोणसाठशेतले, म्हणजे सव्वादोन वर्षांपूर्वीचे. लाल सगळे एकोणसत्तरशेतले, म्हणजे अगदी आत्ताचे, दीड-दोन महिन्यांतले. निरंजनने समजावून सांगितलं, आवाज न चढवता. दोन वर्षांत स्प्रिंगा नव्या खेपेच्या आल्या, वॉशर वेगळे आले, नळ्यांचं पोलादसुद्धा बदललं. जुन्या मालातही दोष आणि नव्या मालातही दोष. मधल्या काळात न बदललेली एकच गोष्ट आहे.

कुठली ते त्याने सांगितलं नाही. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

पुढचं त्याने खाली बघून सांगितलं. जोडणी चाकणच्या एका कंत्राटदाराकडे द्यायचं चाललंय, तिथे मशीनवर होतं. शनिवारी बाबा येतील तेव्हा सही होईल. बेंच बंद. ज्यांना जमेल त्यांनी चाकणच्या शेडमध्ये खोकी बांधायला यावं, कंपनी कुणाला रस्त्यावर सोडणार नाही.

बाहेर आल्यावर भिमाबाईने चहाचा कप उचलला आणि तसाच ठेवला. भिमाबाई मोशीच्या जुन्या घरातली, तोंडाने फटकळ, आणि वॉशर बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती म्हणाली, “आमी हात न्हाई चालवला, भावली नाचवली म्हना की दोन वरसं.”

बाकीच्या दोघी रडल्या. कस्तुरा रडली नाही. तिला खोक्यांचं काही वाटलं नव्हतं. खोकी तर खोकी, पोट भरायला काय. पण चोवीस वर्षांत जवळजवळ पावणेसात हजार बंदुका तिच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि आता कागदोपत्री लिहून ठेवलं जाणार होतं की त्या हातांनी वाट लावली. त्या लिहिण्याला उत्तर द्यायला तिच्याकडे शनिवारपर्यंतचे दिवस होते, आणि उत्तर नव्हतं.

तिने तेजस्विनीकडून यादीची प्रिंट मागून घेतली. तेजस्विनी ऑफिसातली मुलगी, फोन घेणं आणि कॉम्प्युटरमध्ये भरणं तिच्याकडे. चिंचवडची, हुशार, कानात छोटे मोती. तिने प्रिंट दिली आणि वर “सॉरी मावशी” म्हणाली, जणू बेंच तिनेच बंद केलं होतं.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत कस्तुराने यादी डब्याशेजारी पसरली आणि भाजीचं बोट लागू न देता एकेक नंबर वाचला. ५९१२. ५९३०. ५९४४. निळे पाचही वाचले. मग लाल. ६९०४. ६९१५. ६९२७. ६९३३. ६९५०. ६९८१.

इथे तिचा घास थांबला.

आदल्या दिवशी संध्याकाळी तिने ६९७८ मारला होता. आज सकाळपासून फक्त एक झाला होता, ६९७९. ६९८१ अजून टेबलावर तुकड्या-तुकड्यांत पडलेला होता. त्याची नळी इकडे, लाकडी दस्ता तिकडे. आणि खालचा शेवटचा नंबर तर ६९८९. तो व्हायला अजून आठवडा होता.

न बनलेल्या बंदुकीचा जोर गेला, अशी तक्रार कुणीतरी केली होती.

भिमाबाईला दाखवलं तेव्हा ती म्हणाली की बरं झालं, आता न झालेल्या नातवाचं बारसं पन उरकून घिऊ. पण कस्तुराला हसू आलं नाही. ती तशीच केबिनमध्ये गेली. निरंजनने यादी पाहिली, कपाळ चोळलं आणि म्हणाला की टायपिंगची चूक असेल एखाददुसरी. दोन नंबर सोडून द्या, तरी दहा उरतात ना. त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. दहा उरत होते. मग कुठली बंदूक कुठल्या शाळेत गेली ते तरी बिलावरून बघू, असं ती म्हणाली, तर बिलावर नंबर लिहायची पद्धतच नव्हती. माल पुण्यातल्या व्यापाऱ्याकडे जाई आणि तिथून जिकडे जाईल तिकडे.

ती परत बेंचवर आली. मनात मात्र त्या दोन बंदुका घर करून बसल्या. चूक म्हटलं की ती कशीही होते, पण दोन्ही चुकांमध्ये पहिले आकडे सहा आणि नऊच कसे?

बुधवार तसाच गेला. घरी तिने काही सांगितलं नव्हतं. कोंडीरामला सांगितलं असतं तर त्याने आधी कारखान्याला शिव्या दिल्या असत्या आणि मग तिलाच विचारलं असतं की खरंच चुकलं नसेल ना तुझं. तीस वर्षांच्या संसारात तो दुसरा प्रश्न तिने पुष्कळदा ऐकला होता.

गुरुवारी सकाळी ती सहाला उठून भाकरी थापत होती. सून भाग्यश्री ओट्याशी डबे भरत होती. भाग्यश्री पिंपरीत वाढलेली, इंग्रजी शाळेतली, एका बँकेच्या कॉल सेंटरला कामाला. कस्तुराला लातूरला बहिणीला फोन लावायचा होता, भाच्याच्या साखरपुड्याचं विचारायला. हात पिठाचे, म्हणून तिने सुनेला फोन लावायला सांगितला आणि नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला, दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करून, जसा ती नेहमी म्हणे. भाग्यश्रीने फोन स्पीकरवर टाकून परातीशेजारी ठेवला.

पलीकडून पुरुषाचा झोपमोड झालेला आवाज आला. त्याने सांगितलं की इथे कुणी शेवंता नाही, हे टायरचं दुकान आहे, नांदेड.

भाग्यश्रीने फोन बंद केला आणि म्हणाली, “आई, तुम्ही नंबर चुकीचा सांगितलात.”

“मी? बत्तीस वर्षांच्या बहिणीचा नंबर मी चुकीचा सांगेन?” कस्तुरा म्हणाली. बहीण बत्तीस वर्षांची नव्हती, पण रागात ती असंच बोले. “काय लावलंस ते दाखव बरं.”

भाग्यश्रीने फोन तिच्या डोळ्यांपुढे धरला. मधल्या जोडीत पाच-नऊ हवं होतं. तिथे सहा-नऊ होतं.

“मी एकोणसाठ म्हटलं होतं.”

“मग? तेच टाकलंय. साठ आहे ना त्यात. साठच्या घरातलं म्हणजे सिक्स्टी, आणि नाईन.”

“अगं, एकोणसाठ म्हणजे एक उणा साठ. एक कमी.”

“कमी?” भाग्यश्री खरंच चकित झाली. “नंबर सांगताना कुणी कमी करतं का, आई? एकसष्ट, बासष्ट सगळे साठमध्ये मिळवायचे आणि एकटा हाच वजा करायचा?”

तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात कस्तुराच्या हातची भाकरी करपली हे कोंडीरामने पुढे पंधरा दिवस लोकांना सांगितलं. ती मात्र तव्याकडे न बघता उभी होती, आणि पिठाच्या बोटाने ओट्यावर आकडे काढत होती. ६९८१ पुसला, ५९८१ लिहिला. ६९८९ कुणी कसा म्हणेल? एकोणसाठ, एकोणनव्वद. तो तर ६९९९ लिहिला गेला असता, तिने तो पुसला. एकोणसाठ, एकोणऐंशी म्हटलं तर? ५९७९. दोन्ही बाजूंनी एकेक पायरी वर चढवलेला. तीही बंदूक दोन वर्षांपूर्वीची, तिच्याच हातची.

त्या दिवशी तिने डबा नेला नाही, रिक्षा मात्र केली.

तेजस्विनी नुकतीच येऊन कॉम्प्युटर पुसत होती. कस्तुराने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर कोरा कागद ठेवला. दरवाजा तिने आधी लोटून घेतला होता. मुलीचं हसं करायला ती आली नव्हती.

“मी सांगते तसं लिही बाई. आकड्यात लिही. एकोणसाठ.”

तेजस्विनीने ६९ लिहिलं.

“एकोणपन्नास.”

५९.

“एकोणऐंशी.”

८९. मग तिने वर पाहिलं. कस्तुराच्या चेहऱ्यावरून तिला काय ते कळलं असावं, कारण तिची मान एकदम लाल झाली. हळू आवाजात ती म्हणाली की तिला मराठी आकडे तीसपर्यंतच नीट येतात. पुढचे अंदाजाने. शाळा इंग्रजी, घरीही आकडे इंग्रजीतच. एकदा कॉलेजात विचारलं होतं तर सगळे म्हणाले, मराठी मुलगी ना तू? तेव्हापासून ती विचारत नाही. फोनवर सर लोक भराभरा सांगतात. जे इंग्रजीत सांगतात ते बरोबर भरलं जातं, जे मराठीत सांगतात तिथे ती शब्दातलं जे ओळखीचं वाटेल ते धरते.

“माझ्यामुळे झालं का हे सगळं, मावशी?”

कस्तुराने खरं तेच सांगितलं. “बंदुका तुझ्यामुळे बिघडल्या नाहीत. आमचं बेंच बिघडलं ते मात्र तुझ्यामुळेच. आता तूच नीट कर. फोन लाव.”

तेजस्विनीने सातही लाल शाळांना फोन लावले आणि प्रत्येक सरांना सांगितलं की नंबर सांगू नका, नळीच्या बुडाचा फोटो पाठवा. दुपारी दोनपर्यंत सात फोटो आले. एका सरांनी चुकून आपल्या मोटारसायकलचा नंबर पाठवला, तो परत मागवावा लागला. कस्तुराने चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला. आकडे वाचायची गरज नव्हती. त्या वर्षी पाचाच्या पंचाचा वरचा कोपरा उडाला होता आणि नवा यायला तीन महिने लागले होते. तोवरच्या प्रत्येक पाचाची टोपी तिरकी. सातही फोटोंत पहिला आकडा टोपी तिरकी असलेला पाच.

बाराच्या बारा एकोणसाठशेतल्या. सगळ्यांत लहान ५९०४, सगळ्यांत मोठा ५९८१.

आता तिने कपाटातून वही काढली. धूळ पदराने पुसली आणि त्या महिन्यांवर आली. दिवाळी संपून पंधरा दिवस झालेले. ५९०३ समोर तारीख होती, आणि पुढे तिच्या गोल अक्षरात सहा शब्द. ते वाचून तिने वही मिटली आणि भिमाबाईला म्हणाली की अर्ध्या दिवसाची रजा टाक, आळंदीला जायचंय. भिमाबाईने विचारलं की आत्ताच देव आठवला काय. कस्तुराने सांगितलं की देव नाही, ५९८१.

आळंदीची शाळा बसथांब्यापासून जवळ होती. तिथले गणराज सर नेमबाजीचे शिक्षक. आधी रायफल द्यायला तयार नव्हते, म्हणाले महिनाभर कुणी आलं नाही आणि आज दोन बायका बसने येतात. पण कस्तुराने नळी हातात घेतली, एकदा मोडून मिटली आणि न बघता सांगितलं की ही दोन-अडीच हजार वेळा दाबली गेलीय आणि आतली स्प्रिंग बसलीय. सरांनी विचारलं की हे तुम्हाला कसं कळलं. ती म्हणाली की जोडताना ही अशी रडत नव्हती. मग त्यांनी रायफल दिली, कागदावर सही घेऊन. ती चादरीत गुंडाळून दोघी परतीच्या बसमध्ये बसल्या. कंडक्टरने एवढं लांब काय आहे म्हणून विचारलं. भिमाबाईने खिडकीबाहेर बघत सांगितलं की सुनंनं रुसून टाकलेलं मुसळ हाय, म्हायेरी पोचवाया चाललोय. त्याने पुढे विचारलं नाही.

शनिवारी सकाळी अर्जुनराव आले तेव्हा केबिनच्या टेबलावर चाकणचे कागद आणि त्यावर पेन ठेवलेलं होतं. चौघी आत आल्या. बोलावलेलं नसताना तेजस्विनीही आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. निरंजनने काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं की सात नंबर तिने चुकीचे भरले, का भरले तेही शेवटपर्यंत सांगितलं. सात फोटो तिने टेबलावर ओळीने मांडले.

निरंजन फोटो पाहत राहिला. त्याने स्वतःशीच, ओठ हलवत म्हटलं, एकोणसाठ. मग अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनरावांना हसू आवरत नव्हतं, पण ते खोकल्यासारखं त्यांनी रुमालात दाबलं.

“म्हणजे नव्या मालात दोष नाहीच,” निरंजन म्हणाला.

“नाही. जुन्यातसुद्धा सगळ्यात नाही.” कस्तुराने टेबलावर दोन स्प्रिंगा उभ्या केल्या. एक कोठीतली, कोरी, त्यांच्या नेहमीच्या साताऱ्याच्या माणसाची. दुसरी काल संध्याकाळी भिमाबाईने ५९८१ मधून उघडून काढलेली. दुसरी दोन बोटं बुटकी होती. एखाद्या आजाऱ्याला उभं केल्यासारखी ती जरा एका अंगाला कललीही होती. “हिला पीळ नीट दिलेला नाही. भाजली ती घाईत भाजलीय. सुरुवातीला दम दाखवते, मग बसते.”

“साताऱ्याचा माल असा कधीच नव्हता.” निरंजन म्हणाला.

“साताऱ्याचा नाहीच तो.”

ती वही उघडून त्याच्यापुढे सरकवणार होती, आणि क्षणभर तिचा हात अडखळला. पोरगा तिच्या बुद्धरत्नच्या वयाचा. पण मग तिला सोमवारी खाली बघितलेले चार जणींचे आठ हात आठवले, आणि तिने वही सरकवली.

५९०३ पुढे लिहिलं होतं: नवी स्प्रिंग. निळसर. चाकणहून. निरंजनदादांनी आणली.

निरंजनने ते दोनदा वाचलं. मग त्याला आठवलं, सगळ्यांनाच आठवलं. साताऱ्याच्या माणसाच्या मुलीचं लग्न होतं, त्याने तीन आठवडे भट्टी पेटवली नव्हती, आणि तेव्हा नुकताच कारभार हाती घेतलेल्या निरंजनने स्वतः गाडी काढून एक डबाभर स्प्रिंगा आणल्या होत्या. भिमाबाईने तेव्हाच सांगितलं होतं की ही स्प्रिंग नव्या सुनंवानी हाय, दाबली की दबती, पर लई दिस न्हाई दबायची. सगळे हसले होते आणि निरंजनने तिला सांगितलं होतं की मावशी, तुम्ही फक्त बसवा.

“किती होत्या त्या डब्यात?” अर्जुनरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

कस्तुराने पान उलटलं. पुढे लिहिलं होतं, साताऱ्याची परत आली. ५९९० पासून. “५९०३ ते ५९८९. सत्त्याऐंशी.” मग भिंतीकडे बघून तिने मुद्दाम सुटं सुटं सांगितलं, “आठ, सात.”

तेजस्विनी हसली. निरंजनही हसला, पण त्याचा चेहरा उतरलेला होता. सोमवारी त्याने हिशेब केला होता की दोन वर्षांच्या हजारावर बंदुका परत मागवाव्या लागतील, नाहीतर नाव जाईल. आता सत्त्याऐंशी. प्रत्येकीचा नंबर ठाऊक, तारीख ठाऊक, रोग ठाऊक.

त्याने चाकणचे कागद उचलले, मधोमध दुमडले आणि खणात टाकले. मग खुर्चीतून उठून उभा राहिला, कारण बसून हे बोलता आलं नसतं.

“चूक माझ्या खरेदीची होती आणि मी नाव तुमच्या हातांचं घेतलं. बेंच राहील. कस्तुरामावशी, तुम्हाला काय हवं ते सांगा.”

बाकीच्या दोघींना वाटलं ती आता पगार वाढवून मागेल. भिमाबाईने तर तिला कोपरही मारलं. कस्तुराने जे मागितलं ते तिला गुरुवारी परतीच्या बसमध्येच सुचलं होतं, मांडीवर ती चादरीतली बंदूक घेऊन बसली असताना. तिने सांगितलं की आजपासून स्प्रिंग असो, वॉशर असो, जो माल येईल तो आधी बेंचवर येईल. बेंच हो म्हणेल तर कोठीत जाईल. बेंच नाही म्हणालं तर आला तसा परत, आणणारा कुणीही असो.

निरंजनने वडिलांकडे पाहिलं. अर्जुनराव वही चाळत होते. वर न बघता म्हणाले, “लिहून दे त्यांना. कंपनीच्या कागदावर.”

पुढचे पाच आठवडे बेंचने दोन कामं केली. व्यापाऱ्याने शाळांना निरोप धाडले, तेजस्विनीने फोन केले, आणि बंदुका येऊ लागल्या. मंचरहून, तळेगावहून, बारामतीहून. सत्त्याऐंशीपैकी एक्क्याऐंशी आल्या. प्रत्येकीत साताऱ्याची स्प्रिंग बसली, प्रत्येकीतून अंगणातल्या पत्र्यावर दहा छरे सोडून पाहिले, आणि दर वेळी पत्रा वाजला की शेजारचा गिअरवाला भिंतीवरून डोकावून विचारे की लढाई संपली का. दोन बंदुका कस्तुराने स्वतः आळंदीला नेऊन दिल्या. गणराज सरांनी मुलांना ओळीने उभं केलं आणि म्हणाले, या बाईंना तुमच्या बंदुकीचा वाढदिवस ठाऊक आहे. एका मुलीने विचारलं, कधी असतो? कस्तुराने ५९८१ च्या बुडाशी नंबरवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, अठ्ठावीस जानेवारी, रविवारचा ओव्हरटाइम होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नव्या स्प्रिंगांचं पहिलं मोठं खोकं आलं. साताऱ्याच्या माणसाचंच, पण या वेळी काम त्याच्या भावाने केलेलं. टेम्पोवाला घाईत होता, त्याला संध्याकाळपर्यंत रांजणगाव गाठायचं होतं. त्याने गेटवरच चलन पुढे केलं. कस्तुराने चलन घेतलं नाही. तिने खोक्यातून पाच स्प्रिंगा उचलल्या, वरून नाही, तळातून, आणि बेंचवर उभ्या केल्या. चार सरळ. पाचवी किंचित कललेली. तिने आणखी पाच काढल्या. दोन कललेल्या.

टेम्पोवाला म्हणाला की बाई, मी फक्त पोचवणारा, साहेबांना बोलवा. निरंजन आवाज ऐकून केबिनच्या दारात आला. त्याने टेबलावरच्या स्प्रिंगांकडे पाहिलं, कस्तुराकडे पाहिलं आणि तिथूनच टेम्पोवाल्याला सांगितलं, “साहेब त्याच आहेत. त्या म्हणतील ते.” आणि आत गेला.

टेम्पोवाल्याने पुन्हा तिच्याकडे चलन धरलं. भिमाबाईने वॉशर बसवता बसवता मान वर केली. बाकीच्या दोघींचे हातही थांबले.

कस्तुराने वहीत खोचलेलं पेन काढलं. चलनाच्या खाली ‘माल स्वीकारला’ असा छापील चौकोन होता आणि शेजारी ‘माल परत’ असा दुसरा. चोवीस वर्षांत त्या दुसऱ्या चौकोनावर कुणी खूण केलेली तिने पाहिली नव्हती. तिने तिथे फुली मारली, ठळक, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, कस्तुरा कोंडीराम वाघमारे. मग खोकं पुन्हा बांधायला सुतळी मागितली, आणि गाठ स्वतः घट्ट मारून दिली, वाटेत सुटू नये म्हणून.